बाहेर पडण्याची रंगीत तालीम

मी भित्रा आहे, असे आमच्या हिचे म्हणणे आहे. मी सावध आहे, असे माझे म्हणणे आहे. या दोन विशेषणांतला फरक मी तिला लग्नापासून समजावून देत आलो आहे. पण गॅस बंद केला की नाही हे पाहण्यासाठी जी व्यक्ती अर्ध्या रस्त्यातून एकदाही परत फिरलेली नाही, तिला असले सूक्ष्म भेद कळावेत ही अपेक्षाच व्यर्थ आहे. माझी सारी नोकरी विमा कंपनीच्या आग-विभागात गेली. इतर लोक सकाळी वर्तमानपत्र वाचतात. मी कचेरीत जाऊन लोकांची घरे कशी जळाली ते वाचत असे. विसरलेली इस्त्री, उंदराने कुरतडलेली वायर, पडद्याजवळ ठेवलेली मेणबत्ती. हे वाङ्मय ज्याने मनापासून वाचले, त्याला घरातली कोणतीही वस्तू निरागस वाटत नाही. आमच्या टोस्टरकडे मी आजही पाठ करून उभा राहत नाही.

म्हणूनच, चहा ओतता ओतता ही जेव्हा म्हणाली, "अहो, आमच्या भोजनगृहाला सुरक्षा-अधिकारी हवाय. मी तुमचं नाव दिलंय," तेव्हा माझ्या हातातली बशी आपणहून वाजू लागली.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

या युक्तिवादातला दोष मला दिसत होता. पण तो दाखवीपर्यंत ती दुसरा कप भरून मोकळी झाली होती.

हिच्या संस्थेने बाजाराच्या रस्त्यावर एक भोजनगृह काढले होते. लढाईमुळे देश सोडून आलेल्या बायकांना तिथे स्वयंपाकाचे, वाढण्याचे, गल्ला सांभाळण्याचे शिक्षण द्यायचे आणि शिकता शिकता पगारही द्यायचा, अशी ती योजना. योजना चांगली होती आणि जेवण योजनेहून चांगले होते. मात्र परवाना तात्पुरता होता. पक्का परवाना अग्निशमन खात्याच्या दाखल्यावर अडला होता, आणि दाखला अडला होता एका तालमीवर. निरीक्षकाने येऊन सायरन वाजवायचा, आणि ठरलेल्या वेळात आतल्या प्रत्येक माणसाने रस्ता ओलांडून समोरच्या दिव्याच्या खांबाखाली येऊन उभे राहायचे.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारले.

"तर भोजनगृह बंद. बायका परत निर्वासितांच्या छावणीत. आणि थोरलीची मुलगी कायमची तिथेच."

थोरली म्हणजे तिथली मुख्य स्वयंपाकीण. बाकीच्या बायका तिला आपल्या भाषेत जे म्हणत, त्याचा अर्थ 'थोरली' असा होतो म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणत असू. तिची मुलगी अजून छावणीत होती. आईला पक्की नोकरी असेल तरच मुलीला बाहेर सोडायचे, असा तिथला नियम. आणि भोजनगृहच पक्के नाही तिथे नोकरी कुठून पक्की होणार? म्हणजे निरीक्षकाच्या घड्याळाला एक मुलगी टांगलेली होती, आणि त्या घड्याळासमोर मला उभे केले जात होते.

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले वकील आत आले. आमचे दार उघडे असले की ते निमंत्रण समजतात, आणि बंद असले की खटला.

"सही करू नका," ते बसण्यापूर्वीच म्हणाले. "सुरक्षा-अधिकारी म्हणजे काय, माहीत आहे? आग लागली की आधी बंब येतो. मग पोलीस येतात. आणि पोलिसांचा पहिला प्रश्न काय असतो? सुरक्षा-अधिकारी कोण!"

"आणि आग लागलीच नाही तर?"

"तर कोण होता हे कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणजे फायदा शून्य. वहिनी, साखर कमी आहे हो."

सही मी केली. हिच्याकडे पाहून न करणे अधिक धोक्याचे वाटले.

पहिल्या दिवशी पदाला साजेसा पोशाख असावा म्हणून मी चकाकत्या पट्ट्यांचे पिवळे जाकीट, शिरस्त्राण आणि शिट्टी अशी खरेदी केली. त्या वेषात मी भोजनगृहाच्या मुदपाकखान्याच्या दारात उभा राहिलो आणि उपस्थितांचे लक्ष वेधून घेण्यासाठी शिट्टी वाजवली. परिणाम तत्काळ झाला. सगळ्या बायकांनी हातातली कामे खाली ठेवली, भिंतीला पाठ लावली, आणि प्रत्येकीने झग्याच्या आतून, पोलक्याच्या आतून, एकीने तर मोज्यातून आपले ओळखपत्र काढून समोर धरले. गॅसवरचे पातेले तेवढे रटरटत होते.

माझ्या आयुष्यात मला पाहून कोणीही कधी घाबरलेले नव्हते. त्या प्रकाराची मला सवय नसल्यामुळे मी स्वतःच घाबरलो, आणि घाईत खिशातून माझेही ओळखपत्र काढून त्यांच्यासमोर धरले.

त्यांतली एक उंच, रुंद खांद्यांची, पिकल्या केसांची बाई पुढे आली. तिने माझे कार्ड पाहिले, फोटो पाहिला, मला पाहिले, आणि म्हणाली, "भूक लागली?"

ती थोरली. जाकीट मी त्याच दिवशी हिच्या शिवणाच्या पेटीत टाकले. शिरस्त्राणात हल्ली कोथिंबीर लावली आहे.

तालमीच्या सूचना मी स्वतः रचल्या होत्या. 'भयसूचक ध्वनी कर्णगोचर होताच, हाती असलेले कार्य अपूर्ण आहे या मोहात न पडता,' अशी सुरुवात होती. ही म्हणाली, "अहो, त्या बायका आपली भाषा आत्ता कुठे शिकतायत. सायरन वाजला की बाहेर पडा, एवढंच सांगा ना."

"घाईच्या प्रसंगी तर भाषा विशेष घोटीव असली पाहिजे," मी म्हणालो. "माणूस ज्या वाक्यावर जीव टाकणार, ते वाक्य भक्कम नको?"

शेवटी तिनेच तिच्या शब्दांत सांगितले. थोरलीने मान डोलावली. "सायरन वाजला, बाहेर. कळलं." बाकीच्यांनीही म्हणून दाखवले. मला समाधान वाटले, आणि समाधान वाटले की मला धास्ती वाटते.

दुपारच्या गर्दीतच तालीम घ्यायची ठरली. मी रस्त्यापलीकडे खांबाखाली जाऊन उभा राहिलो. वकील 'साक्षीदार म्हणून' शेजारी येऊन उभे होते. हिने आतून कळ दाबली आणि ती पाणी भरायला मागच्या गल्लीत निघून गेली. सायरन असा काही किंचाळला की कोपऱ्यावरच्या चांभाराने हातातला जोडा कानावर धरला.

मी दाराकडे पाहत राहिलो. दार उघडेना.

सायरन थांबला. दार तरीही उघडेना.

"आत काय झालं असेल हो?" वकील म्हणाले.

"मला काय माहीत?"

"म्हणजे काय! सुरक्षा-अधिकारी कोण?"

वाचकहो, आगीत काय काय होऊ शकते याची ज्याला कल्पना नाही असा माणूस सुखी असतो. मला त्याची सविस्तर, विभागवार कल्पना होती. मी रस्ता ओलांडला, दार ढकलले आणि आत गेलो.

आत कोणीही नव्हते.

टेबलांवर अर्धी भरलेली ताटे होती. खुर्च्या मागे सरकवलेल्या होत्या. मुदपाकखान्यात गॅसच्या साऱ्या कळा बंद होत्या, पातेल्यांवर झाकणे होती, सुऱ्या खणात होत्या, आणि अर्ध्या चिरलेल्या कांद्यावर ओले फडके टाकलेले होते. माणसे पळून जातात तेव्हा मागे पसारा असतो. हे मी हजारो दाव्यांत वाचले होते. इथे पसारा नव्हता. इतक्या टापटिपीने नाहीशी झालेली माणसे माझ्या वाचनात कधी आली नव्हती.

तेवढ्यात माझ्या पायांखालची जमीन खोकली.

मुदपाकखान्याखाली कांदे-बटाटे आणि तेलाचे डबे ठेवायचे तळघर होते. मी त्याचे दार उचलले, जिना उतरलो. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन सगळ्या ओळीने बसल्या होत्या. अधूनमधून गिऱ्हाइके नीट वाटून बसवलेली होती. खोकत होते ते सूपवाले आजोबा. हे गृहस्थ रोज दुपारी येऊन फक्त सूप पितात. गळ्याला रुमाल तसाच, मांडीवर वाडगा तसाच, आणि चेहऱ्यावर सहलीला आल्याचा आनंद.

थोरलीने मला पाहिले. कांद्याच्या एका पोत्याकडे बोट दाखवले. "बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. मग ओळीवरून नजर फिरवून, "आता सगळे. दार लावा."

मी दार लावले आणि बसलो. हे मी इथे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. मी वर चला म्हणायला हवे होते. पण त्या अंधारात, कांद्यांच्या वासात, इतकी माणसे गप्प बसलेली पाहून मला विचित्र असे स्वस्थ वाटले. इथे घाबरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नव्हते. सगळेच सावध होते.

ही स्वस्थता फार टिकली नाही. रस्त्यावर एकटे उरलेले वकील. आधी सगळे आत नाहीसे झाले, मग मीही आत जाऊन नाहीसा झालो. त्यांनी त्यांच्या बुद्धीप्रमाणे एकच निष्कर्ष काढला आणि बंब बोलावला.

बंब आला. नळ्या उलगडल्या गेल्या. आमच्या तळघराचे दार कुऱ्हाडीच्या पहिल्या घावाने अर्धे उघडले आणि उरलेले अर्धे मी "तालीम! तालीम आहे!" असे ओरडत आतून उघडले. बंबाबरोबर निरीक्षक स्वतः आले होते. मान नसलेला, सावकाश बोलणारा मनुष्य.

"तालीम होती?" त्यांनी विचारले.

"होय."

"मग माणसं कुठे होती?"

"खाली."

"आग लागल्यावर खाली?"

"आग लागलेली नव्हती," मी वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले.

"ते आलं माझ्या लक्षात," निरीक्षक म्हणाले, आणि तपासणीची तारीख सांगून निघून गेले. तारीख भीतिदायक रीतीने जवळची होती.

त्या संध्याकाळी मी थोरलीला विचारले, "तुम्ही तर म्हणाला होता, सायरन वाजला की बाहेर. कळलं म्हणून."

"मला कळलं," थोरली ताटे पुसता पुसता म्हणाली. "पायांना नाही कळलं."

"पण आग आत असते! बाहेरच पडायला हवं, हे तर्काला धरून आहे."

"आग आत. बाँब बाहेर. सायरन एकच." तिने ताट रचले. "आमच्या गावात बाहेर कोण पळालं? जे पळाले, ते आता नाहीत. पाय हुशार, काका. फार हुशार."

मी आयुष्यभर वाद घातला आहे. पण पायांशी वाद कसा घालावा हे मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

प्रथम मी कायद्याची वाट चोखाळली. सायरनऐवजी घंटा चालेल का, हे विचारायला निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. निरीक्षक म्हणाले, "घंटा वाजली की लोक जेवायला येतात." बरे, मग तळघरालाच आसरा म्हणून मान्यता मिळेल का? त्यावर शेजारचा कारकून म्हणाला, ते तळघर कांदे-बटाट्यांच्या नावावर आहे. माणसे बसवायची तर दुसऱ्या खात्याची परवानगी लागेल. मी दुसऱ्या खात्यात गेलो. तिथे परवानगीची पहिली अट अशी होती की अग्निशमनचा दाखला आधी जोडावा.

"सोप्पंय," वकील म्हणाले. "कुलूप लावा. खाली जाताच आलं नाही तर जातील कुठे? बाहेरच."

मला ते तर्काला धरून वाटले. माझ्या साऱ्या चुका तर्काला धरूनच झालेल्या आहेत.

दुसऱ्या तालमीला मी तळघराच्या नव्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली जुडग्यात अडकवून खिशात टाकली. सायरन वाजला. मी या वेळी आत, दाराशी उभा होतो. बायकांनी गॅस बंद केला, झाकणे टाकली, आणि त्या तळघराकडे धावल्या. पुढची थांबली. मागची तिच्यावर आदळली. कुलूप पाहिल्यावर त्यांतली एकही किंचाळली नाही. किंचाळली असती तर मला बरे वाटले असते. त्या नुसत्या त्या दाराभोवती दाटीने खाली बसल्या, आणि थोरलीने सगळ्यांत धाकटीचे डोके आपल्या पोटाशी ओढून तिचे दोन्ही कान हाताने झाकले. तिचे डोळे माझ्यावर होते. त्यांत राग नव्हता. ती वाट पाहत होती. कशाची, ते मला कळले.

मी किल्ली शोधू लागलो. कपाटाची लागली, पेटीची लागली, आमच्या सायकलची लागली. ती काही लागेना. जुडगा हातातून पडला. तो उचलला तो सूपवाल्या आजोबांनी, आणि पहिल्याच किल्लीने कुलूप उघडून ते म्हणाले, "असलं कुलूप आमच्याकडे पण होतं. फार वाईट कुलूप."

घरी ही दोन जेवणे माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या जेवणाला म्हणाली, "कुलूप लावलंत?" एवढेच. माझ्या सबंध आयुष्यात माझ्याविरुद्ध इतके संक्षिप्त आणि निर्दोष वाक्य कोणी उच्चारले नव्हते.

त्या कुलपाची किल्ली मी थोरलीच्या हातात ठेवली. ती तिने एप्रनच्या खिशात टाकली आणि माझ्यापुढे सूप ठेवले. क्षमा म्हणावी तर तसे काही नव्हते. सूप होते.

त्यानंतर मी फक्त मोजायचे ठरवले. सायरन वाजे, बायका खाली जात, मीही मागोमाग उतरून ओळ मोजी, आणि सगळ्या आहेत असे सांगे. मग मी बाहेर पडण्याच्या आवश्यकतेवर चार शब्द बोले, त्या माना डोलावत, आणि पुढच्या सायरनला आम्ही पुन्हा सगळे खालीच. मला त्या 'मोजणारे काका' म्हणू लागल्या. कांद्याच्या पोत्यावर माझ्यासाठी एक उशीही आली. शेजारी सूपवाले आजोबा हक्काने बसत. तारीख जवळ येत होती, माझी झोप उडाली होती, आणि तरी खरे सांगायचे तर दिवसातला तेवढाच वेळ मी टोस्टर, लिफ्ट, वायरी आणि निरीक्षक यांना विसरून बसत असे.

गाठ सुटली ती अशी. एका तालमीच्या वेळी हिच्या मोबाइलवर छावणीतून फोन आला. सायरन चालू, आत काही ऐकू येईना, म्हणून ही रस्त्यापलीकडे खांबाखाली गेली, आणि फोनवर कोण आहे हे कळताच तिथूनच जीव खाऊन ओरडली, "थोरली! अगं थोरली! तुझ्या लेकीचा फोन!"

आम्ही तेव्हा जिन्यावर होतो. थोरली सगळ्यांत शेवटी, माझ्या पुढे. ती थबकली. मग माझ्या अंगावरून, अक्षरशः अंगावरून, ती वर चढली, मुदपाकखाना ओलांडला, दार उघडले आणि सायरन किंचाळत असताना भर रस्त्यात धावत गेली. गाड्यांनी करकचून ब्रेक लावले. आणि थोरली गेली म्हणताच तिच्या मागे सगळ्या गेल्या. तळघरात उरलो मी आणि आजोबा.

"आज लवकर सुटलं," आजोबा म्हणाले.

फोन झाल्यावर थोरली खांबाखालीच उभी राहिली. आपण कुठे उभे आहोत हे तिला तेव्हा प्रथम दिसले. तिने वर आकाशाकडे पाहिले, बराच वेळ. मग हिला म्हणाली, "सायरन चूक. हाक पाहिजे."

तिने समजावून सांगितले ते असे. तिच्या गल्लीत सायरन झाला की तळघराच्या दाराशी एक बाई उभी राही आणि घरोघरच्या माणसांना नावाने हाका मारी. ज्याचे नाव घेतले तो आत येई. शेवटचे नाव आत आल्याखेरीज ती स्वतः आत जात नसे. सायरन फक्त उठवतो. जायचे कुठे, ते हाक सांगते.

"ती बाई कोण होती?" हिने विचारले.

"मी," थोरली म्हणाली. मग रस्त्यापलीकडच्या आमच्या भोजनगृहाकडे हात करून, "तळघराच्या दाराशी उभी होते. आता इथे उभी राहीन."

तालमींचा रंगच पालटला. सायरन वाजताच थोरली आधी रस्ता ओलांडी, खांबाला हात लावून उभी राही आणि एकेकीचे नाव घेई. पहिल्या खेपेला बायका तळघराच्या दाराशी जाऊन अडखळल्या. एक पाय पायरीवर, कान रस्त्याकडे. दुसऱ्या खेपेला कमी. पुढे तर ती नाव पुरे घेईपर्यंत बाई दारात आलेली असे. गिऱ्हाइकांना आणायचे काम वाटून दिले होते. सगळ्या बाहेर पडल्या की मी शेवटी बाहेर येई.

तपासणीच्या दिवशी माझ्या पाचावर धारण बसली होती. निरीक्षक आले, टेबलांवरून फिरले, गळ्यातले घड्याळ हातात घेतले आणि कळ दाबली.

सायरन किंचाळला. थोरली निघाली. हाका सुरू झाल्या. एकामागून एक बायका माझ्यासमोरून गेल्या, गिऱ्हाइकांना धरून, न धावता, न थांबता. मी मोजत होतो आणि माझी मोजणी बिनचूक होती. शेवटची बाई दाराबाहेर पडली. त्यानंतर जे झाले त्याविषयी माझ्या पायांनी मला विचारले नाही.

मी कांद्याच्या पोत्यावर बसलो होतो. उशी जागेवर होती. दार मी नीट लावून घेतले होते. शेजारी आजोबा सूप भुरकत होते.

"आज बाकीचे उशीर करतायत," आजोबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. मग रिकाम्या भिंतीकडे पाहिले. मग मला ब्रह्मांड आठवले. वर घड्याळ चालू होते. घड्याळाला थोरलीची लेक टांगलेली होती. आणि आतल्या प्रत्येक माणसाने बाहेर यायचे, या माझ्याच सूचनेतले 'प्रत्येक' हे विशेषण पोत्यावर बसले होते. पाय उठेनात. नेमके आता त्यांना काही कळेना.

आणि मग रस्त्यावरून, सायरनच्या वरताण, हाक आली.

"मोजणारे काका!"

मला कोणी कधी असे बोलावलेले नाही. शाळेत हजेरी होती, कचेरीत घंटी होती, घरात 'अहो' आहे. ही हाक निराळी होती. ती ऐकल्यावर बसून राहता येत नव्हते. मी आजोबांच्या काखेत हात घातला.

"सूप संपू द्या," आजोबा म्हणाले.

"वर संपवा!"

जिना, मुदपाकखाना, ताटे, दार, रस्ता. एका हातात आजोबा, आजोबांच्या हातात वाडगा. आम्ही खांबाला टेकलो तेव्हा माझ्या सदऱ्यावर अर्धे सूप होते आणि निरीक्षकांनी घड्याळ थांबवले. त्यांनी काट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. थोरलीने एप्रनच्या खिशात मूठ आवळली होती.

"वेळेत आहे," निरीक्षक सावकाश म्हणाले. "जेमतेम. पण एक विचारतो. म्हातारबाबा खाली अडकलेत हे तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही स्वतः त्यांना आणायला उतरलात?"

या एका विधानात तीन असत्ये होती. आजोबा अडकलेले नव्हते. माझ्या लक्षात काहीही आले नव्हते. आणि मी कोणालाही आणायला उतरलो नव्हतो. ही तिन्ही क्रमाने दुरुस्त करावीत म्हणून मी तोंड उघडले, तो माझ्या उजव्या पायावर हिच्या चपलेची टाच सबंध भारानिशी पडली.

"दमलेत ते," ही निरीक्षकांना म्हणाली. "बोलवत नाहीये."

"मी तर रोजच—" आजोबा सुरू करणार, तोच थोरलीने वाडग्यातला चमचा भरून त्यांच्या तोंडात घातला.

निरीक्षकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. "अशी माणसं आमच्या खात्यात राहिली नाहीत," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच मी एक चुकीचे विधान दुरुस्त न करता सोडून दिले. त्याचा सल अजून आहे. पाय तर आठवडाभर सुजला होता.

दाखला मिळाला, परवाना पक्का झाला. वकील म्हणाले, "अभिनंदन. आता मात्र आग लागली तर पहिला प्रश्न कायमचा तुम्हालाच."

काही दिवसांनी दुपारी छावणीची गाडी दाराशी थांबली आणि एक सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी पिशवी छातीशी धरून उतरली. थोरलीने तिला मिठी वगैरे मारली नाही. आधी तिच्या बाहीवरची धूळ झटकली, मग पदार्थ पारखतात तसा तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, आणि त्यांच्या भाषेत काही विचारले. बहुधा तेच, जे मला पहिल्या दिवशी विचारले होते. मग दोघी आत गेल्या आणि मुदपाकखान्याचे दार, जे कधीच लावत नाहीत, ते थोडा वेळ लावलेले होते.

खात्याच्या नियमाप्रमाणे तालीम आता वरचेवर घ्यावी लागते. पुढची आली तेव्हा मुलीने सगळे नीट ऐकून घेतले होते. सायरन वाजला, थोरली रस्त्यापलीकडे गेली, हाका सुरू झाल्या, बायका निघाल्या. मी मोजले. एक कमी भरली.

मी जिना उतरलो. या वेळी माझे पाय मला विचारून उतरले, हे मी शपथेवर सांगू शकतो. ती भिंतीशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी माझ्या पोत्यावर बसलो. वरून, रस्त्यापलीकडून, सायरनला चिरत आईचा आवाज आला. मुलीचे नाव.

"आई बोलावतेय," मी म्हणालो. "वर जायचं असतं."

"हो. माहीत," ती म्हणाली. तिने डोळे मिटले होते. छावणीत तिला आमची भाषा थोडी शिकवली होती. "काका, एकदा अजून. अजून एकदा हाक मारेल ना ती?"

नियमाप्रमाणे हे साफ चूक होते. मी सुरक्षा-अधिकारी होतो. वर घड्याळ चालू होते.

"मारेल," मी म्हणालो, आणि तिला उशी दिली.